आयकॉम आयसी-७०५ : गडावर न्यायचा रेडिओ, शेजारधर्माच्या कसोटीवर

आयसी-७०५ हा आयकॉम कंपनीचा हौशी (हॅम) रेडिओचा छोटा संच बाजारात आला २०२० साली. त्याची परीक्षणं भरपूर झाली, पण बहुतेक टेबलावरची: रिसीव्हर किती तिखट, पडदा किती देखणा, ब्लूटूथ पटकन जोडलं जातं का. घेणारे मात्र तो पाठीवर टाकून डोंगर चढतात. म्हणून इथे कसोटी वेगळी लावली आहे. सुट्टीच्या दिवशी गजबजलेल्या माथ्यावर एका कडेला बसायचं, कुणाच्या पायात यायचं नाही, कुणाच्या कानाला टोचायचं नाही, हवेत आधीपासून बोलत असलेल्यांच्या बोलण्यात घुसायचं नाही, आणि तरी दोन तासांत मनाजोगे संपर्क करून उतरायचं. या कामाला हा संच कितपत उपयोगी पडतो? चांगलाच पडतो. फक्त त्याच्या दोन लाडक्या सोयी अशा आहेत, की त्या सांभाळून वापरल्या नाहीत तर सज्जन ऑपरेटरही उपद्रवी होऊन बसतो.

आधी संचाची ओळख. लांबी २०० मिमी, रुंदी आणि उंची ८३ मिमीच्या आसपास, वजन सुमारे १.१ किलो. एचएफ (लांबवर जाणारे लघुलहरींचे पट्टे), ५० मेगाहर्ट्‌झ, १४४ आणि ४३० असे सगळे बँड एकाच डब्यात. एसएसबी (एचएफवर बोलण्याची नेहमीची पद्धत), सीडब्ल्यू (मोर्स), एएम, एफएम आणि डी-स्टार (डिजिटल आवाज). मागे लावायची बीपी-२७२ बॅटरी ७.४ व्होल्ट, १८८० मिलिअँपियर-तासांची. तिच्यावर जास्तीत जास्त ५ वॉट निघतात. बाहेरून १३.८ व्होल्ट दिले की १० वॉट. पंखा नाही, त्यामुळे घरघर नाही. जीपीएस आत आहे. अँटेना ट्यूनर (न जुळणारी अँटेना संचाशी जुळवून घेणारा भाग) मात्र आत नाही, आणि ही उणीव पुढे पुन्हा येणार आहे.

आपल्याकडे ४३० ते ४४० मेगाहर्ट्झ हा सगळा पट्टा हौशींना खुला नाही, ४३४ ते ४३८ एवढाच आहे. ४० मीटरच्या बँडवर (बँडची ही नावं लहरीच्या लांबीवरून) ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ. संच कुठल्या देशाच्या आवृत्तीचा आहे त्यावर तो कुठे ट्रान्समिट करू देतो हे ठरतं. आपला परवाना कुठे करू देतो हे त्याला माहीत नसतं. परवान्याच्या वर्गाप्रमाणे मर्यादा लिहून मेमरीत चॅनल आधीच भरून ठेवावेत. वर, वाऱ्यात, डोळ्यांवर ऊन असताना गोल बटण फिरवता फिरवता पट्ट्याबाहेर कधी गेलो ते कळत नाही.

आता पहिला मुद्दा, पॉवरचा. ७०५ मध्ये १०, ५, २.५, १ आणि ०.५ वॉट अशा पायऱ्या आहेत, आणि आमच्या मते डोंगरासाठी या संचाचं सगळ्यात मोलाचं अंग तेच. भोवतालच्या मुलखापेक्षा ९०० मीटर उंच बसलेल्या अँटेनाचं रेडिओ-क्षितिज साधारण १२४ किलोमीटर असतं (उंचीच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणलं की किलोमीटर येतात). म्हणजे सह्याद्रीच्या धारेवरून दोन मीटरच्या (१४४ मेगाहर्ट्झ) बँडवर दाबलेला पीटीटी (बोलण्याचं बटण) एका बाजूला कोकण आणि दुसऱ्या बाजूला देश, दोन्हीकडे ऐकू जातो. एफएममध्ये दोन सिग्नल आले की रिसीव्हर तगडा तेवढा धरतो आणि दुबळा पार गिळतो. खाली दोन गावांतले दोघे त्याच फ्रिक्वेन्सीवर एकमेकांशी बोलत असतील तर डोंगरावरच्या ५ वॉटखाली त्यांचं बोलणं नुसतं खरखरत नाही, गायबच होतं. आणि गंमत अशी, की त्यातला एक जण आपल्याला ऐकू येत असतो, दुसरा कड्याच्या आडोशाला असतो, म्हणून आपल्याला वाटतं जागा मोकळी आहे.

५ वरून ०.५ वॉटवर आलं तर फरक १० डेसिबलचा, म्हणजे दोन एस-युनिटांपेक्षाही (सिग्नल मोजायच्या पट्टीवरच्या दोन खुणांपेक्षाही) कमी. समोरच्या माथ्याशी ५९ चा (स्पष्ट आणि जोरदार ऐकू येतंय असा) रिपोर्ट असेल तर तो अर्ध्या वॉटवरही आरामात ऐकेल. म्हणून दोन मीटरची सुरुवात ०.५ किंवा १ वॉटने करावी आणि गरज पडली तरच वर जावं. या संचात ते पटकन होणारं काम आहे. अनेक स्वस्त हातसंचांत मेनूत शिरावं लागतं, म्हणून फारसं कुणी करत नाही.

रिपीटरचंही (उंचावरून आपला सिग्नल पुन्हा पाठवणाऱ्या स्टेशनचंही) तेच. खालून एक रिपीटर उघडायला धडपड करावी लागते, वरून फ्रिक्वेन्सींच्या त्याच जोडीवरचे दोन-तीन रिपीटर एकदम उघडतात आणि तीन जिल्ह्यांतली मंडळी एकमेकांवर पडतात. सिम्प्लेक्स, म्हणजे रिपीटरशिवाय थेट बोलणं, वापरावं. रिपीटर लागलाच तर बरोबर टोन (रिपीटर उघडणारा खुणेचा सूर) टाकून, कमीत कमी पॉवरने, दोन वाक्यांत. समिट्स ऑन द एअर या, माथ्यांवरून संपर्क करून गुण मिळवायच्या उपक्रमात जमिनीवरच्या रिपीटरमधून झालेला संपर्क धरतच नाहीत. २ मार्च २००२ ला ब्रिटनमध्ये सुरू झालेला हा उपक्रम आज डोंगरी रेडिओचं व्याकरण ठरवतो: गुण मिळवायला किमान चार वेगवेगळ्या स्टेशनांशी संपर्क, शेवटची चढण पायी, इंधनाचं जनरेटर नाही, गाडीच्या बॅटरीवर काम नाही. गुणांच्या यादीत आपला डोंगर असो वा नसो, एवढे नियम अंगी बाणवले तर अर्धी भांडणं मिटतात.

दुसरा मुद्दा आवाजाचा. गडावर माणूस शांततेला येतो, आणि त्याच्या कानावर जर कुणी ‘सीक्यू, सीक्यू, सीक्यू’ (कुणीही उत्तर द्या) म्हणून वीस मिनिटं ओरडत असेल तर हौशी रेडिओबद्दल त्याचं जे मत बनतं ते पुढच्या दहा ऑपरेटरांना भोवतं. ७०५ चा अंगचा स्पीकर छोटा पण कर्कश आहे. सोबत मिळणाऱ्या एचएम-२४३ हातमाइकातही स्पीकर आहे. तो कॉलरला अडकवून आवाज अगदी खाली ठेवला तर तीन हातांवरच्या माणसालाही त्रास होत नाही. त्याहून चांगला मार्ग हेडफोनचा. फक्त हेडफोन आणि माइकचा स्पीकर एकाच जॅकवर हक्क सांगतात, तेव्हा जोडणी घरीच करून पाहावी. एक कान उघडा राहील असा हेडफोन घ्यावा: मागून कुणी ‘दादा, जरा वाट देता का’ म्हणालं तर ऐकू यायला हवं.

हेडफोन लावला की माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो. त्याला उपाय संचातच आहे. मॉनिटर चालू करून स्वतःचा आवाज कानात घ्यावा, माइक गेन थोडा वाढवावा, कॉम्प्रेसर मध्यम ठेवावा आणि नेहमीच्या गप्पांच्या पट्टीत बोलावं. वारा असेल तर माइक छातीशी धरून वाऱ्याकडे पाठ करावी. गेन वाढवून वाऱ्याशी झुंजायला गेलं तर समोरच्याला फक्त वाराच ऐकू जातो. सीडब्ल्यू येत असेल तर प्रश्नच मिटला. किल्ली आणि हेडफोन असला की शेजारच्या दगडावर बसलेल्याला वाटतं माणूस शब्दकोडं सोडवतोय. तेच १० वॉट सीडब्ल्यूमध्ये जास्त लांबवर पोचतातही.

आता त्या दोन लाडक्या सोयी.

पहिली म्हणजे ४.३ इंची रंगीत स्पर्शपडदा आणि त्यावरचा धबधबा. बँडवर कुठे कोण आहे ते रेघांनी दिसतं, मोकळी जागा दिसली की बोट टेकवायचं आणि सीक्यू सुरू. इथेच चूक होते. धबधब्यात रेघ नाही याचा अर्थ जागा मोकळी असा नाही. एसएसबीवर बोलणारा थांबला की रेघ जाते. शिवाय ७ मेगाहर्ट्‌झवर बोलणाऱ्या दोघांपैकी एक आपल्या स्किपमध्ये (सिग्नल डोक्यावरून निघून जातो त्या पट्ट्यात) असू शकतो: तो आपल्याला दिसत नाही, पण आपण त्याच्या जोडीदाराच्या कानात शिरतो. म्हणून पडदा पाहून जागा निवडावी, मग किमान अर्धा मिनिट नुसतं ऐकावं, मग कॉलसाइन (परवान्यावरचा ओळखसंकेत) सांगून ‘ही फ्रिक्वेन्सी कुणी वापरतंय का’ असं विचारावं, थोडं थांबून पुन्हा विचारावं. डोंगरावर विजेच्या तारांचा आणि एलईडी दिव्यांचा गोंगाट नसतो, त्यामुळे आपल्याला कान लांबचे असतात. खालच्यांना आपण ऐकू येतो, पण त्यांच्या गोंगाटात आपला ५ वॉटचा सिग्नल बुडतो. याचं भान ठेवलं तर ‘मी इतकं स्पष्ट ऐकतोय, हा उत्तर का देत नाही’ म्हणून चिडून तीनतीनदा हाक मारणं थांबेल.

सकाळी ४० मीटरवर नेट (एकाने चालवलेली सगळ्यांची हवेतली बैठक) चालू असेल तर त्यात शिरायची रीत साधी आहे. बोलण्यातली फट धरून एकदाच कॉलसाइन आणि ‘पोर्टेबल’ म्हणायचं आणि नेट चालवणाऱ्याने हाक मारेपर्यंत गप्प बसायचं. बॅटरी कमी आहे, पाऊस येतोय, ही कारणं खरी असली तरी रांग मोडायला पुरेशी नाहीत.

दुसरी सोय व्हॉइस मेमरीची. आठ ठिकाणी आपलाच आवाज रेकॉर्ड करून ठेवता येतो आणि तो ठरावीक अंतराने आपोआप पाठवता येतो. घसा वाचतो, माथ्यावर बडबड कमी होते, म्हणजे शेजाऱ्यांच्या दृष्टीने सोय उत्तमच. पण मधलं अंतर दोन-तीन सेकंदांचं ठेवलं तर मंद सिग्नलवाल्याला उत्तर द्यायला वेळच मिळत नाही, आणि यंत्र चालू ठेवून ऑपरेटर भाकरी खायला गेला तर त्या फ्रिक्वेन्सीवर एक बहिरा माणूस ओरडत बसतो. रेकॉर्डिंग सहा-सात सेकंदांचं, मधलं अंतर आठ सेकंदांच्या वर, आणि तीन-चार हाकांनंतर थांबून ऐकणं. यंत्र चालू असताना कान जागेवर पाहिजेत, एवढीच अट.

संपर्क सुरू झाले की मग लांबड नको. डोंगरावरच्या स्टेशनसाठी खाली लोक ताटकळलेले असतात. कॉलसाइन, रिपोर्ट, ठिकाण, आभार. दुसऱ्या माथ्यावरून कुणी हाक मारली तर त्याला आधी घ्यावं, त्याचीही बॅटरी आणि त्याचंही ऊन आपल्यासारखंच असतं. कुणी मदतीसाठी हाक देत असेल तर सगळं थांबवून ऐकायचं आणि लिहून घ्यायचं. इथे ७०५ च्या जीपीएसचा खरा उपयोग: अक्षांश-रेखांश पडद्यावर तयार असतात, ११२ ला फोन लागला तर वाचून दाखवता येतात.

संचाचं एवढं पुरे. डोंगरावर शेजारधर्म पाळला जातो की नाही हे नव्वद टक्के अँटेना ठरवते, आणि ७०५ मध्ये ट्यूनर नसल्यामुळे अँटेना मुळातच जुळलेली असावी लागते. ट्यूनर असलेला संच हातात असला की लोक मिळेल ती तार टाकतात आणि बटण दाबून जुळवतात. दर वेळी त्या जुळवणीत हवेत कॅरिअर (बोलण्याशिवायचा नुसता सिग्नल) जातो, आणि तो बहुतेकदा कुणाच्या तरी बोलण्यावर पडतो. इथे ती पळवाट नाही, म्हणून उणीव असली तरी ती शिस्त लावते. आमची शिफारस एका टोकाने पुरवठा होणाऱ्या अर्धलहरी तारेची. २० मीटरसाठी १०.१ मीटर तार, ४० साठी २०.१ मीटर. टोकाला ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर: ४३ मटेरियलच्या फेराइट कड्यावर प्राथमिक २ वेढे, दुय्यम १४, आणि प्राथमिकला समांतर १०० पिकोफॅरॅडचा कपॅसिटर. ही ४० मीटरची तार २० आणि १० मीटरवरही बऱ्यापैकी जुळते. आधी थोडी लांब कापून घरच्या मैदानात ॲनालायझरवर छाटावी, गडावर नव्हे. छाटलेले तारेचे तुकडे गवतात पडतात आणि गाईच्या पोटात जातात.

को-अ‍ॅक्स ही अँटेनाची केबल ५ मीटर पुरे. आरजी-१७४ हलकी असते. १४ मेगाहर्ट्‌झवर तिच्यात अर्धा-पाऊण डेसिबल जातो, तेवढं चालतं. १४५ वर मात्र तेवढ्याच लांबीत दीड-दोन डेसिबल जातात, म्हणून दोन मीटरला आखूड आणि जाड केबल घ्यावी. संचाच्या बाजूला अँटेनाचं बीएनसी सॉकेट आहे. त्यावर लांब व्हिप थेट लावली तर वाऱ्याने ती तरफेसारखी काम करते आणि सगळा ताण सॉकेटवर येतो. वीतभर जोडतार मधे घालावी. को-अ‍ॅक्सवर संचाजवळ फेराइटची चोक नसेल तर आरएफ (रेडिओ ऊर्जा) माइकमध्ये परततं, आवाज चिरका होतो आणि सिग्नल पसरून शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर सांडतो. समोरचा ‘आवाज फाटतोय’ म्हणाला तर आधी चोक पाहावी, मग माइक गेन.

तार उभारायला ६ मीटरचा सरकता फायबरचा पोल. खरा घोळ इथेच होतो. कातळावर खुंटी रोवत नाही, म्हणून लोक तीन ताणाच्या दोऱ्यांना दगड बांधतात, आणि गडावर हाताशी येणारे सुबक दगड बहुतेक वेळा तटबंदीतून निसटलेले असतात. ते उचलायचे नाहीत. राजगड, साल्हेरसह बारा किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आले, पण संरक्षित स्मारकाचा कायदा त्याच्या कितीतरी आधीपासून लागू आहे. तटात खिळा ठोकणं, जंग्यातून दोरी काढून आवळणं, बुरुजावर पोल टेकवणं, यातलं काहीच चालत नाही. उपाय सोपा आहे: तीन रिकाम्या कापडी पिशव्या न्याव्यात, वर पोचल्यावर माती किंवा पाण्याच्या बाटल्या भराव्यात, त्यांना दोऱ्या बांधाव्यात, उतरताना माती होती तिथेच सोडावी. सुरक्षेसाठी लावलेल्या लोखंडी रेलिंगला पोल बांधायचा मोह सगळ्यांना होतो. ते रेलिंग माणसांनी धरायला आहे. कळसूबाईच्या शिड्या-साखळ्यांबाबत तर विचारही नको. देवळाच्या ध्वजकाठीला, दीपमाळेला, पाटीच्या खांबालाही नाही.

झाडाला तार टाकायची तर आधी मान वर करून पाहावं. कड्याला आणि मोठ्या झाडांना आग्या मोहळं असतात, आणि दोरीला बांधलेलं वजन मोहळाला लागलं तर शिक्षा आपल्या एकट्याला होत नाही, माथ्यावर असलेल्या सगळ्यांना होते. मोहळ दिसलं तर तो भाग सोडायचा, अगरबत्ती-धूर-अत्तर काही नको. फांदीवर दोरी घासून साल निघते म्हणून दोरी जाड आणि गुळगुळीत असावी, आणि ओढून तोडण्याऐवजी सैल सोडून उतरवावी.

तारेचं दूरचं टोक हात पोचणार नाही इतकं उंच हवं, निदान अडीच मीटर. अर्धलहरी तारेच्या टोकाला इम्पिडन्स (विजेला होणारा विरोध) अडीच हजार ओहमच्या घरात असतो. १० वॉटला तिथे सुमारे १५८ व्होल्ट येतात, ५ वॉटला ११२. जीव जाणार नाही, पण कुतूहलाने हात लावलेल्या पोराच्या बोटाला चटका बसतो. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूच्या तारेच्या टोकालाही तितकेच व्होल्ट, तेव्हा तो डबा आपल्याजवळ, पाठीशी ठेवावा. काळी बारीक तार आकाशासमोर दिसत नाही, म्हणून दर दोन मीटरवर भडक रंगाची फीत बांधावी. ताणाच्या दोऱ्यांना गुडघ्याच्या उंचीवर फीत हवीच. सगळी मांडणी वाटेच्या एकाच बाजूला. वाटेवरून तार नेणं म्हणजे तिथे पाटी लावण्यासारखं आहे की इथे कुणीतरी अडखळणार.

बसायचं कुठे? अगदी टोकावर नाही. समिट्स ऑन द एअरच्या नियमात माथ्यापासून उभ्या उंचीत २५ मीटर खालपर्यंतचा पट्टा माथाच धरतात, अट एवढीच की मधे दरी किंवा खिंड लागू नये. म्हणजे देऊळ, फोटो काढणारे, वर बसून ताक-लिंबूसरबत विकणाऱ्या मावशी, सगळ्यांना सोडून दहा-पंधरा मीटर खाली सपाटी मिळाली तर तिथे बसता येतं. ४० मीटरवर दिवसा लाटा जवळजवळ सरळ वर जाऊन परत येतात, त्यामुळे खाली बसल्याने काहीच बिघडत नाही. दोन मीटरवर मागचा डोंगर एक दिशा झाकतो, तेवढा फरक पडतो. मग पाच मिनिटं हातसंच घेऊन वर जाऊन यावं. आणखी एक ऑपरेटर आधीच बसलेला असेल तर त्याला भेटून बँड वाटून घ्यावेत. दोन १० वॉटचे संच वीस मीटर अंतरावर एकाच बँडवर चालत नाहीत, दोघांचेही रिसीव्हर बधिर होतात. एकाचीच अँटेना आळीपाळीने वापरणं हा सगळ्यात शहाणा मार्ग, त्यात दुसरा पोल उभारायचाच नसतो.

बधिरतेवरून आठवलं, सिंहगडासारख्या प्रसारण मनोरे असलेल्या माथ्यावर स्वस्त हातसंच पार आंधळे होतात. ७०५ पुष्कळ तग धरतो. २५ मेगाहर्ट्‌झच्या खाली तो थेट सॅम्पलिंग करतो (सिग्नल जसाच्या तसा आकड्यांत उतरवतो) आणि वर आधी मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणून करतो. तरीही मनोऱ्याच्या पायथ्याशी प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारा भाग) बंद ठेवावा, गरज पडली तर ॲटेन्युएटर (सिग्नल घटवणारा) लावावा आणि मनोऱ्याला डोंगराच्या आडोशाला टाकून बसावं. मनोऱ्यांच्या कुंपणाजवळ, पोलिसांच्या वायरलेस खोलीजवळ तार टाकू नये; तिथला रखवालदार हटकणारच, आणि त्याचं बरोबर असतं.

लोक विचारतातच. ‘काय हो, ड्रोन उडवताय का?’ हा पहिला प्रश्न. परवान्याची प्रत वरच्या खिशात असावी आणि हेडफोन काढून दोन मिनिटं नीट सांगावं. बॅटरीपेक्षा ही दोन मिनिटं जास्त उपयोगी पडतात. गावात मुक्काम असेल, अंधारात माथ्यावर दिवा दिसणार असेल, तर पोलीस पाटलांच्या कानावर आधी घालावं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यासारख्या ठिकाणी वनखात्याचे नियम वेगळे: स्पीकर नाही, चूल नाही, रात्रीच्या मुक्कामाची परवानगी आधी विचारून. परवान्यात ठिकाण आणि पोर्टेबल कामाबद्दल काय लिहिलं आहे तेही निघण्याआधी वाचावं.

बॅटरीबद्दल थोडक्यात. बीपी-२७२ वर ५ वॉटने दोनेक तास निभतात, हात राखून वापरलं तर. १० वॉट हवे असतील तर चार सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, ३ अँपियर-तास. १० वॉटला संच ३ अँपियरपर्यंत ओढतो, पण एसएसबीत बोलण्याची सरासरी त्याच्या अर्ध्यावर येते, आणि ऐकताना त्याहून बरंच कमी लागतं. दोन तासांच्या कामाला दीडेक अँपियर-तास लागतात, म्हणजे निम्मी बॅटरी शिल्लक राहते. फ्यूज बॅटरीच्या तोंडाशी हवा, संचाच्या तोंडाशी नव्हे. एफटी८ या डिजिटल पद्धतीत पंधरा सेकंदांच्या फेरीत जवळपास तेरा सेकंद सलग पूर्ण पॉवर जाते आणि पंखा नसल्याने चैत्राच्या उन्हात संच चांगलाच तापतो. ५ वॉटवर यावं आणि सावली करावी.

पाण्याचं मात्र या संचाला वावडं आहे. जलरोधक म्हणून तो विकला जातच नाही. पावसाळ्यात ढगात शिरलेल्या माथ्यावर तो उघडायचा नाही, झिप-पिशवीत ठेवून वरून बटणं चाचपायची हा जुगाड पाच मिनिटांपुरता ठीक. वळवाच्या दिवसांत दुपारी ४० मीटरवर कडकड वाढू लागली की तोच पहिला इशारा. ढग दिसायची वाट पाहू नये. आधी केबल संचातून काढायची, मग पोल खाली, मग आपण खाली. फायबरचा पोल वीज वाहत नाही हे खरं, त्यावरची तार वाहते.

बाकीच्यांशी तुलना. एलेक्राफ्टचा केएक्स२ वजनाने तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, ऐच्छिक ट्यूनर आत बसतो, पण दोन मीटर नाही. झेगूचा जी९० २० वॉट देतो, ट्यूनर आत, तोही फक्त एचएफ, आणि शेजारधर्माच्या हिशोबात ते जास्तीचे १० वॉट फार कामाचे नाहीत. यासूचा एफटी-८१८ आता बनत नाही. सेकंडहँड मिळाला तर ६ वॉट, सगळे बँड, दणकट, फक्त धबधबा नाही, म्हणजे ऐकायची सवय राहते. ज्याला दोन मीटर एफएमच करायचं आहे त्याने ७०५ घेऊ नये. पाव किलोचा ५ वॉटचा हातसंच आणि एक गुंडाळता येणारी अँटेना यात काम भागतं.

७०५ ची किंमत लाखाच्या पुढेच जाते, आणि परवाना हातात आल्याशिवाय तो घ्यायचा नाही हे वेगळं सांगायला नको. घ्यायचाच असेल तर पैशांचा क्रम असा लावावा: संच, मग चांगला हेडफोन, मग पोल आणि तार, मग बॅटरी. कंपनीची खास पाठपिशवी देखणी आहे पण तिच्यात पाणी आणि डबा ठेवला की संचाला जागा उरत नाही. साध्या ट्रेकिंगच्या पिशवीत जुन्या स्वेटरात गुंडाळलेला संच तितकाच सुरक्षित राहतो. वरच्या कप्प्यात एक रिकामी पिशवी ठेवावी: फितींचे तुकडे, चिकटपट्टी, केबल टायची कापलेली शेपटं, आणि आधीच्या कुणीतरी झाडाला टांगून ठेवलेली, आता सालीत रुतू लागलेली नायलॉनची दोरी.